सीमा ओलांडली की सगळं का बदलतं?

गेल्या अंकात आम्ही सीमेजवळच्या वाचकांना विचारलं होतं की शेजारच्या राज्यात गेल्यावर तुम्हाला नेमकं काय वेगळं जाणवतं, आणि त्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा. पत्रं आणि मेसेज भरपूर आले, जवळपास सगळ्यांचा सूर एकच, की पलीकडे बरं चाललंय आणि आपल्याकडेच का नाही. त्यातले काही प्रश्न निवडून इथे उत्तरं देतोय.

सर नमस्कार, आमची छोटी फौंड्री आहे, वडिलांनी काढलेली. दर महिन्याला लाईट बिल आलं की पोटात गोळा येतो. कागल ओलांडलं की कर्नाटक, तिकडचे पाव्हणे म्हणतात इकडे या, जागा पण मिळेल आणि वीज पण परवडेल. देश एक, तारा त्याच, मग दर वेगळा कसा? आणि जावं का तिकडं, खरं सांगा.
— एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

दादा, तुमचा प्रश्न कोल्हापुरात नवा नाही, इथल्या उद्योजकांनी कर्नाटकात जायची भाषा याआधीही केलेली आहे आणि ती उगाच केलेली नाही. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट जातात. म्हणजे युनिटमागे नुसता एक रुपया जास्त पडला तरी टनाला सहाशेच्या आसपास, महिन्याला २०० टन ओतत असाल तर सव्वा लाखाच्या घरात, वर्षाचे चौदा-पंधरा लाख, आणि तुमच्याकडून कास्टिंग घेणारी मोठी कंपनी किलोमागे पैशापैशासाठी घासाघीस करते, तिला तुमच्या बिलाशी काही देणंघेणं नसतं.

आता दर वेगळा का? वीज हा विषय घटनेत केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आहे, पण तुमचा दर ठरवतो राज्याचा वीज नियामक आयोग, आणि अनुदान कुणाला किती द्यायचं ते ठरवतं राज्य सरकार. शेतीपंपाला आणि गरीब घराला खर्चापेक्षा कमी दरात वीज द्यायची हे सगळ्याच राज्यांनी ठरवलंय, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. पण मधला फरक कुणीतरी भरायला लागतो ना. एक तर सरकारने तिजोरीतून भरायचा, नाहीतर कारखानदार आणि दुकानदाराच्या दरात घालायचा, याला क्रॉस सबसिडी म्हणतात. दोन्ही राज्यं दोन्ही करतात. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या पंपाला २००८ पासून मोफत वीज आहे आणि तिचा मोठा भार सरकारी अनुदानावर आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं बिल लावायचं, वसूल करायचं नाही, थकबाकी फुगू द्यायची आणि उरलेलं उद्योगाच्या दरात ढकलायचं असं चाललं, मग एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंत मोफत केलं. त्यात कितीतरी पंपांना मीटरच नाही, त्यामुळे शेतीला नेमकी किती वीज गेली आणि शेतीच्या नावावर किती गळती खपवली हा वाद आयोगापुढे कायम चालू असतो, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथंच आहे, शेतकऱ्याला स्वस्त वीज देण्यात नाही.

गुजरातने काय केलं बघा. २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेत गावाचा फीडर, म्हणजे वीज पोचवणारी वाहिनी, वेगळा आणि शेतीचा फीडर वेगळा केला. गावाला २४ तास, शेतीला ८ तास, पण ठरलेल्या वेळेला आणि पूर्ण दाबाने. फीडर वेगळा झाला की किती वीज कुठं गेली ते मोजता येतं, आणि मोजता आलं की लपवाछपवीला जागा राहत नाही. आपल्याकडे हेच काम तुकड्या-तुकड्याने झालं, आता २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सोलरवर न्यायचं चाललंय, ते पूर्ण झालं तर तुमच्यावरचा भार कमी व्हायला हवा.

अजून एक गोष्ट, जी कोल्हापूरकरांना जास्त टोचते. २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली गेली, कारण ते भाग मागे राहिलेत. सवलत रास्त आहे, पण सीमेवरच्या कोल्हापूर-सांगलीला कर्नाटकशी स्पर्धा करायला लागते हे त्या हिशोबात धरलंच नाही.

जावं का? मी सांगेन की नुसत्या विजेच्या दरावर ठरवू नका. तुमच्याकडे पॅटर्न बनवणारा, कोअर शॉप, फर्नेसचं लायनिंग करणारा, मशिनिंगचा जॉबवर्क घेणारा, हे सगळं शिरोली ते कागल या पट्ट्यात एका फोनवर येतं, आणि हे जाळं ऑइल इंजिनच्या काळापासून, दोन-तीन पिढ्या खपून उभं राहिलंय. बेळगावात उद्यमबागेला असं जाळं आहे, तिथं गेलात तर निभेल. उघड्या माळावर नवीन प्लॉट घेतलात तर विजेत वाचलेलं माणसं आणण्यात आणि टेम्पोच्या भाड्यात जाईल. आधी शेडवर सोलर बसवून बिल किती उतरतं ते बघा, मग ठरवा.

माझ्या आईला हार्टचा त्रास आहे. काही झालं की आम्ही तिला सरळ बांबोळीला नेतो, कारण जवळच्या सरकारी दवाखान्यात स्पेशालिस्टची जागा रिकामीच. महाराष्ट्र एवढं मोठं, श्रीमंत राज्य आणि आम्हाला गोव्याच्या दारात उभं राहावं लागतं, याचा खूप राग येतो.
— एक वाचक, बांदा

ताई, तुमचा राग अगदी खरा आहे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या सगळ्या भागाचं मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळी हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय.

याची मुळं फार जुनी आहेत. गोव्यातलं वैद्यकीय शिक्षण पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये सुरू केलं, आशिया खंडातल्या सगळ्यात जुन्या संस्थांमध्ये ती धरली जाते, आजचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे बांबोळीचं हॉस्पिटल, तिचंच वारस. तुमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ ला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते आत्ता आत्ता. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि सिंधुदुर्गची साडेआठ लाख. म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या दुपटीला पोचत नाही एवढ्या लोकांसाठी एक अख्खं राज्य आहे, त्याचं स्वतःचं बजेट, स्वतःचा आरोग्यमंत्री, स्वतःची विधानसभा. दरडोई आरोग्यखर्चात गोवा मोठ्या राज्यांच्या कितीतरी पुढे आहे तो असा.

पण पैशाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे अंतर, आणि याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. गोव्यातल्या डॉक्टरची बदली पेडण्याला झाली काय किंवा काणकोणला झाली काय, तो पणजीत नाहीतर मडगावात घर ठेवून नोकरी करू शकतो, मुलांची शाळा बदलायला लागत नाही, बायको दुसरीकडे नोकरीला असेल तर तिचीही सुटत नाही. आपल्याकडे पुण्या-नागपूरच्या तरुण डॉक्टरची ऑर्डर दोडामार्गला निघते, तो येतो, क्वार्टर गळकं, जोडीला भूलतज्ज्ञ नाही त्यामुळे सर्जन असून ऑपरेशन करता येत नाही, काही महिन्यांत तो बदलीच्या मागे लागतो नाहीतर राजीनामा देतो. जागा मंजूर असते, भरलेलीही असते, आणि तरी रिकामी असते.

२०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या पेशंटना फी लावली तेव्हा सिंधुदुर्गात केवढा संताप झाला ते तुम्हाला माहितीच आहे. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की गोव्याच्या सरकारने त्यांच्या करदात्यांचा विचार केला, त्यात गैर काही नाही, प्रश्न विचारायचा तर मुंबईला विचारायला हवा. आता ओरोसच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांमध्ये कोकणातली मुलं किती आणि पास झाल्यावर ती इथेच राहावीत म्हणून सरकार काय करणार आहे, यावर सगळं अवलंबून आहे. आईला जपा, आणि पुढचे फॉलोअप तरी ओरोसला होतात का ते एकदा विचारून ठेवा.

सर मी बीई मेकॅनिकल, तळेगावजवळ राहतो. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना गेला तेव्हा आमच्या कॉलेजात सगळे खचलेले. सगळं गुजरातला का जातं? त्यांच्यात असं काय आहे जे आपल्यात नाही? की सगळं दिल्लीतूनच ठरतं?
— एक विद्यार्थी, मावळ

मित्रा, आधी त्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं ते बघ. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला जाणार असं जाहीर झालं आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने भागीदारीतून अंग काढून घेतलं. म्हणजे तळेगावला आला असता तरी तुला तिथं नोकरी मिळालीच असती असं नाही. गुजरातेत सानंदला मायक्रॉन कंपनीचा चिपचा प्रकल्प मात्र खरोखर उभा राहिला, त्यात केंद्राचं आणि राज्याचं मिळून खर्चाच्या ७० टक्के इतकं सहाय्य आहे. दिल्लीचं वजन कुणाच्या पारड्यात पडतं याचा परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही, होतो. पण सगळं त्याच्यावर ढकललं की आपण आपल्या घरातलं बघायचं टाळतो. आणि सगळंच गुजरातला जातं हेही खरं नाही, देशात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र वर्षानुवर्षं सगळ्यात वरच्या राज्यांत आहे.

१ मे १९६० ला ही दोन राज्यं एकाच मुंबई राज्यातून निघाली. कायदे तेच, महसूल खातं तेच, तलाठी-मामलेदाराची पद्धत तीच. औद्योगिक वसाहती उभारणारी आपली एमआयडीसी आणि त्यांची जीआयडीसी दोन्ही १९६२ च्या. म्हणजे सुरुवात सारखी आणि वाटा वेगळ्या झाल्या, म्हणून ही तुलना मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते.

जमिनीचंच बघ, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथं पडला. मुंबई प्रांताने १९१५ मध्ये नगररचनेचा कायदा केला, त्यात टीपी स्कीम नावाची पद्धत होती. समजा गावाबाहेर शंभर शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी आहेत. सगळ्या कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बाग, शाळा, गटाराची जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट करून ज्याची त्याला परत द्यायची. साधारण चाळीस टक्के जमीन जाते, पण राहिलेल्या साठ टक्क्यांना रस्ता लागतो आणि तिची किंमत आधीच्या सगळ्या जमिनीपेक्षा जास्त होते, त्यामुळे कुणी उठवला गेला अशी भावना राहत नाही. वांद्र्यात अजून टीपीएस रोड नावाचे रस्ते आहेत बघ, ते याच कायद्याचे. गुजरातने ही पद्धत सोडली नाही, अहमदाबाद आणि सुरत वाढले ते एकापाठोपाठ एक टीपी स्कीम करत. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही टीपी स्कीमचं प्रकरण आहे, पण आपण ते बासनात ठेवलं आणि डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये आरक्षण टाकायची सवय लावली. आरक्षण पडलं की मालकाला ना धड विकता येतं ना बांधता येतं, पालिकेकडे जागा घ्यायला पैसे नसतात, दहा वर्षं गेली की मालक त्याच कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि आरक्षण उडतं. रस्ता व्हायचा राहूनच जातो. पुण्याच्या आजूबाजूला आणि नवी मुंबईजवळ नैनामध्ये टीपी स्कीम पुन्हा सुरू झाल्यात, पण मधली पन्नासेक वर्षं गेली ती गेलीच, आणि तू रोज ज्या ट्रॅफिकमध्ये अडकतोस त्याचं एक कारण हे आहे.

मग जकात. गुजरातने ती २००७ मध्ये बंद केली. आपल्याकडे महापालिकेच्या हद्दीवर ट्रकच्या रांगा लागायच्या, ड्रायव्हर रात्रभर नाक्यावर, मग तिच्याऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणली, त्यावर व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, आणि मुंबईची जकात थेट १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली. दहा वर्षांचा फरक. त्या दहा वर्षांत ज्याला वापीत किंवा उंबरगावात शेड टाकायची होती त्याने टाकली, तिथून मुंबईचं मार्केट दोन-तीन तासांवर. बंदरांचंही तसंच, गुजरातने १९८२ मध्येच मेरीटाइम बोर्ड काढलं, आपलं आलं १९९६ ला, जेएनपीटीसारखं मोठं बंदर आपल्याकडे होतं म्हणून असेल कदाचित, छोट्या बंदरांची घाईच वाटली नाही.

असं का झालं? गुजरातच्या राजकारणात व्यापारी आणि कारखानदार वर्गाचा शब्द पहिल्यापासून चालत आला, सरकारी अधिकाऱ्याला माहिती असतं की त्याची फाईल अडली तर वरून फोन येणार आहे. महाराष्ट्राच्या राजकारणाचा कणा साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि मुंबईची जमीन. उद्योग तर मुंबईला येणारच असं आपण धरून चाललो.

पण मित्रा, याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बाळं महाराष्ट्रात १६, गुजरातमध्ये २३, कर्नाटकात १९, मध्य प्रदेशात ४३, गोव्यात ५. उद्योगात पुढे असलेलं गुजरात बाळं जगवण्यात आपल्या मागे आहे. साक्षरतेतही २०११ ला आपण ८२ टक्के, गुजरात ७८. हे आपोआप झालं नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना आली, त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, तुझ्या पहिल्या पगारातून तो कापला जाईल तेव्हा लक्षात ठेव की दुष्काळी भागातल्या मजुराला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदाराने द्यायचा तो पैसा होता, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि मृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले, नंतर देशभरच्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर घरोघरी जायला लागल्या. या गोष्टींमागे चळवळी होत्या, मोर्चे होते, विधानसभेत भांडणारे आमदार होते. राज्यावर ज्याचा दबाव टिकून राहतो त्याचं काम होतं, तिकडे व्यापाऱ्यांचा टिकला, इकडे बराच काळ शेतकरी-मजुरांचा आणि कार्यकर्त्यांचा टिकला, आणि आता तोही ढिला पडत चाललाय ही मला जास्त मोठी काळजी वाटते.

आमच्या बाजूला तेलंगणात शेतकऱ्याला एकरी पैसे मिळतात, शेतीला दिवसरात्र लाईट. आमच्या भागातल्या सरपंचांनी तिकडे जायची मागणी केली होती. ते चूक होते का?
— एक शेतकरी, धर्माबाद तालुका

चूक कशाला, त्यांनी डोळ्यासमोर दिसतंय तेच सांगितलं. तेलंगणाने २०१८ ला रयतु बंधू सुरू केली, आता रयतु भरोसा नावाने एकरी वर्षाला १२,००० जाहीर आहेत, पाच एकरवाल्याला कागदावर ६०,०००. आपल्याकडे केंद्राचे ६,००० आणि राज्याचे ६,०००, शेत एक एकर असो की पाच. बांधापलीकडच्या माणसाला पाचपट मिळताना बघून कुणाला वाईट वाटणार नाही?

यात इतिहासाला दोष देता येत नाही, कारण नांदेड आणि निजामाबाद १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, शाळा-रेल्वे-रस्त्यांची परिस्थिती फार वेगळी नव्हती. फरक नंतर पडला. तुम्हाला मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास आणि हैदराबाद त्याच्या निम्म्याहून कितीतरी जवळ. निजामाबादचा माणूस सकाळी निघून मंत्र्याला भेटून रात्री घरी येतो, तुम्ही मुंबईला पोचेपर्यंत अधिवेशन संपतं. आणि हैदराबादच्या उत्पन्नावर साडेतीन कोटी माणसं अवलंबून आहेत, मुंबई-पुण्याच्या उत्पन्नावर सव्वाअकरा कोटी.

तरी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एकरी पैसे जमिनीच्या मालकाला मिळतात, त्यामुळे मोठ्या जमीनदाराला जास्त गेले आणि जो दुसऱ्याचं शेत कसतो त्याच्या हातात रयतु बंधूत काहीच आलं नाही. आणि हा सगळा खर्च मोठ्या कर्जावर उभा आहे. गोदावरीवरच्या कालेश्वरम पाणी प्रकल्पावर अफाट पैसा घातला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातल्या मेडीगड्डा बॅरेजचे खांब खचले, त्याच बॅरेजच्या पाण्याने आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची जमीन बुडाली ती वेगळीच.

तुमच्या तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचं तुम्हाला मी काय सांगणार, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे १ जुलैला दरवाजे उघडायचे ते २८ ऑक्टोबरपर्यंत बंद करायचे नाहीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात पाणी डोळ्यादेखत खाली जातं. तेलंगणा तेव्हा आंध्र प्रदेशात होतं, आणि त्या राज्याने हा खटला जीव तोडून लढवला. आपल्या राज्याने तेवढ्याच तळमळीने बाभळीवरच्या उपसा योजनांचं आणि तुमच्या लाईटचं काम केलं असतं तर सरपंचांवर ती वेळ आली नसती.

उद्योगस्नेही राज्यांची जी क्रमवारी येते ती खरी मानायची का?
— एक सीए, नाशिक

थोडीच. २०१५ ला गुजरात पहिला आणि महाराष्ट्र आठवा, २०१९ च्या यादीत गुजरात दहावा, महाराष्ट्र तेरावा आणि उत्तर प्रदेश एकदम दुसरा. चार वर्षांत गुजरातमध्ये धंदा करणं एवढं अवघड झालं का? नाही. मोजायची पद्धतच बदलली, २०१५ ची यादी मुख्यतः किती सुधारणा कागदावर केल्या ते मोजायची, २०१९ ची वापरणाऱ्यांच्या अभिप्रायावर काढली, पुढे केंद्राने नंबर देणंच बंद केलं आणि गट पाडले. नंबरापेक्षा एखादी तरतूद बघा. तेलंगणाच्या २०१४ च्या कायद्यात मोठ्या प्रकल्पाला १५ दिवसांत आणि इतरांना ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. अधिकाऱ्याने फाईल दाबून ठेवली तर नुकसान त्याच्याच खात्याचं, हे तत्त्व मला शंभर नंबरांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

बेळगावात इंजिनिअर झालो, पण नोकरीला बेंगळुरूच. पुण्याला मित्र आहेत तेही तेच म्हणतात. बेंगळुरूत एवढं काय होतं?
— एक वाचक, बेळगाव

तिथं म्हैसूरचं संस्थान होतं. १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला संस्थानाने जमीन दिली, आणि आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना विमानाचा कारखाना काढायचा होता तेव्हा म्हैसूर सरकारने जमीनही दिली आणि भांडवलही घातलं, त्यातून १९४० मध्ये आजचं एचएएल उभं राहिलं. इन्फोसिस तर १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ ला बेंगळुरूला गेली. माणसं आणि कल्पना आपल्या, राज्याने हात दिला तिकडे. पण तुझा खरा प्रश्न कर्नाटकाच्या आतला आहे, बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधलं, हत्तरगीला विमानांच्या भागांचा एक चांगला कारखाना आला, तरी सॉफ्टवेअर राजधानीबाहेर फारसं पसरलं नाही. महाराष्ट्राने निदान पुणे, नाशिक, औरंगाबाद अशी दोन-चार शहरं उभी केली.

आमच्या गावानं पण दुसऱ्या राज्यात जायचा ठराव केला तर उपयोग होतो का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका

राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने फक्त संसदेला आहे, ग्रामसभेच्या ठरावाने हद्द हलत नाही. पण लक्ष मात्र वेधलं जातं, २०२२ च्या अखेरीला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर दावा केला, तिकडे सुरगाण्यातली गावं गुजरातची भाषा बोलायला लागली, आणि जतला पाणी देणाऱ्या, इतकी वर्षं रखडलेल्या विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल पळायला लागली. याचा मला आनंद नाही, पाणी मागायला माणसाला राज्य सोडायची धमकी द्यावी लागणं हे फार दुःखाचं आहे.

तोवर एक करा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्याकडे आहे, दाखला, फेरफार, नळजोडणी, कुठली सेवा किती दिवसांत द्यायची याचा बोर्ड प्रत्येक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. बोर्ड नसेल तर आधी तोच मागा. अर्जाची पोच घ्या, मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील करा, कारण नसताना सेवा अडवली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा, कुणी कधी अर्ज केला आणि कधी उत्तर आलं त्याची, आणि दर ग्रामसभेत ती वाचून दाखवा. सहा महिन्यांनी ती वही आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू.